अक्काची पाटी

पापनाशमच्या सरकारी शाळेत माझी थोरली बहीण, अक्का, गणित शिकवत असे. सकाळी तंजावुराहून बस धरायची, संध्याकाळी परत यायची, अशी तिची कित्येक वर्षं गेली होती. एके दिवशी नववीच्या वर्गानं तिला एक गणित पुन्हा सांगायला लावलं. तिनं सांगितलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, टीचर, कळलं नाही. पोरं टवाळी करताहेत असं वाटून तिनं अख्खा वर्ग उभा केला. घरी येऊन ती हे रागारागानं मला सांगत होती आणि मी समोर बसून ऐकत होतो, तर मलाही तिचे काही शब्द कळेनात. तमिळमधला तो खोल 'ळ' ती फार सुंदर उच्चारायची. तो गुळगुळीत होऊन गेला होता.

"अक्का, तोंडात काही आहे काय?" मी विचारलं.

"काय असेल? विडा खातें होय मी?"

पुढचे काही महिने डॉक्टर आणि तपासण्यांत गेले. आधी दातांचा डॉक्टर, मग कान-नाक-घशाचा, मग तिरुच्चीचे मेंदूचे डॉक्टर. त्यांनी तिला जीभ बाहेर काढायला सांगितली. जिभेवर पाण्याखाली मासे हलावेत तशी बारीक थरथर होती. आजाराचं नाव त्यांनी इंग्रजीत सांगितलं आणि मग भावजींकडे, म्हणजे अक्काच्या यजमानांकडे बघून तमिळमध्ये समजावलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत जातात. तिच्या बाबतीत जिभेपासून सुरुवात झाली आहे. मग हात, पाय, मग श्वास. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं.

"हें चांगलं कीं वाईट?" अक्कानं मला आमच्या घरच्या तंजावुरी मराठीत विचारलं. डॉक्टरांना ते कळलं नाही. मला कळलं.

भावजींचं पाण्याच्या पंपांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. परतताना गाडीत ते एकच म्हणाले, "कुठला तरी भाग बदलतां येत असेल." अक्कानं खिडकीबाहेर बघत त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांना मूलबाळ नव्हतं. खाली ती दोघं आणि वरच्या मजल्यावर मी, असं आमचं घर होतं.

माझं काम काय ते सांगायला हवं. मी आधी काही वर्षं पुण्यात एका कंपनीत होतो, आणि तंजावुरात परत आल्यावर घरून तेच करत होतो. मोबाईलवरची ॲपं लोकांना वापरायला सोपी करून द्यायची. एखादी विमा कंपनी आमच्याकडे येते. तिच्या ॲपमध्ये लोक कुठे अडखळतात, कुठे वैतागून सोडून देतात, ते आम्ही बघतो. मग बटणं कमी करतो, शब्द सोपे करतो, रंग सौम्य करतो. मी या कामात चांगला होतो. पुण्यात माझी मराठी ऐकून लोक विचारायचे, कुठल्या जुन्या नाटकात काम करता? पण माझ्या स्क्रीनवर कुणी हसत नसे. देवनागरी लिहायला मी तिथेच शिकलो. अक्का ती कधी शिकली नाही. आमच्या घरची मराठी ती तमिळ अक्षरांत लिहायची, आणि आम्हा सगळ्यांना ती वाचता यायची.

तेव्हा अक्काची वाचा जाणार हे कळल्यावर सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं. मलाही वाटलं की निदान एवढं तरी माझ्या हातात आहे.

पहिली कल्पना तिचा आवाज साठवून ठेवायची होती. रोजची वाक्यं तिनं म्हणायची, मी ध्वनिमुद्रित करायची, पुढे बटण दाबलं की तिच्याच आवाजात घर ऐकेल. एका रविवारी सकाळी पंखा बंद करून आम्ही बसलो. तिनं चारपाच वाक्यं म्हटली आणि ऐकवायला सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा आवळत गेला.

"ही बाई ताडी पिऊन आली आहे," ती म्हणाली, निदान मला तसं ऐकू आलं. "काढून टाक."

"अक्का, पुढे हाही आवाज राहणार नाही."

"काढून टाक म्हटलें ना."

मी तिच्यासमोर सगळं पुसून टाकलं. पोरांच्या चुकीच्या गणितावर ती अशीच आडवी रेघ मारायची. त्यात दयामाया नसायची.

मग मी एक स्क्रीन तयार केली. टॅबलेटवर मोठे चौकोन, प्रत्येकात एक गोल चेहऱ्याचं चित्र. तहान, भूक, दुखतंय, संडास, पंखा, झोप. चौकोनाला बोट लावलं की एक बाई गोड आवाजात पूर्ण वाक्य बोलायची. रंग मी विचार करून निवडले होते. अक्काला दाखवलं तोपर्यंत तिचं बोलणं भावजींशिवाय कुणाला कळत नव्हतं, पण हात चालत होते. तिनं तहानेच्या चौकोनावर बोट ठेवलं. टॅबलेट म्हणाला, "मला तहान लागली आहे, कृपया थोडं पाणी द्याल का?"

अक्कानं स्वतःच्या फोनवर तमिळ अक्षरांत लिहून मला दाखवलं. 'मी कृपया कधी म्हटलं?'

मग पुन्हा लिहिलं. 'हें बालवाडीच्या भिंतीवर लाव.'

मी म्हणालो की आजारी माणसांसाठी चित्रं अशीच करतात, सोपी पडतात. तिनं बराच वेळ लिहिलं. त्यात असं होतं, की तहान लागली तर भावजी शेजारी बसून पाणी देतातच, चेहरा बघून कळतं. त्यासाठी यंत्र नको. मला 'चूक' म्हणायला पाहिजे. 'असं नाही, तसं' म्हणायला पाहिजे. 'गप्प बस' पाहिजे. 'कोण आलं होतं, काय म्हणत होतं' पाहिजे. 'तू जेवलास काय' पाहिजे.

ऑफिसात कुणी असं बोललं असतं तर मी वाद घातला असता. तिच्याशी घातला नाही. चेहरे काढले. रंगही तिनं काढायला लावले. काळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं राहिली आणि ते बघून ती पहिल्यांदा खूश झाली. 'आता पाटी झाली,' तिनं लिहिलं. त्या दिवसापासून घरात टॅबलेटला सगळे पाटीच म्हणू लागले.

आवाजाचा प्रश्न मात्र सुटला नाही. टॅबलेटमधली मराठी बाई पुण्याची होती. ती बोलू लागली की अक्का भुवया उडवायची, जणू घरात कुणी परकी शिरली आहे. शिवाय त्या बाईला देवनागरीच वाचता येई आणि अक्काला देवनागरी येत नव्हती. म्हणून मी तमिळ आवाज लावून बघितला. आमचे शब्द तमिळ अक्षरांत लिहिले की ती तमिळ बाई ते वाचायची, पण तिच्या भाषेच्या नियमानं. तमिळमध्ये क आणि ग एकाच अक्षरात असतात, त्यामुळे 'नको' लिहिलं की ती 'नगो' म्हणायची. अक्का हसली, म्हणजे तिचे खांदे हलले. तिनंच तोड काढली. क दोनदा लिहिला. बाई ठणकावून म्हणाली, "नक्को."

हे तिला फारच आवडलं. दिवसभर घरात नक्को नक्को चालू होतं. भावजींनी कॉफी आणली, नक्को. दुपारी शेजारीण डोकावली, नक्को. भावजी दारात उभे राहून हसत होते. आमच्या घरातला तो हसण्याचा शेवटचा मोठा दिवस होता, असं आता वाटतं. तेव्हा तसं काही वाटलं नव्हतं.

उन्हाळा संपेस्तोवर तिचे हात गेले. आधी उजवा, मग डावा. मी नजरेवर चालणारा कॅमेरा मागवला. तो टॅबलेटच्या खाली बसवायचा. डोळे ज्या चौकोनावर थोडा वेळ टिकतील तो चौकोन दाबला जातो. सुरुवातीला तिला सगळी तमिळ मुळाक्षरं लावून दिली होती. एकेक अक्षर डोळ्यांनी वेचून ती वाक्य जुळवायची. पण तिचे डोळे थकत. मग अक्षरं बाजूला ठेवून शब्दांचे चौकोन आणले. ते लहान पडू लागले, नजर शेजारच्या चौकोनात घसरू लागली, म्हणून ते मोठे केले. मोठे केले म्हणून कमी झाले. दर काही आठवड्यांनी मी तिच्या पलंगाशेजारी बसून विचारायचो, यातलं काय काढू? आणि ती ठरवायची. 'तू जेवलास काय' एका सोमवारी गेलं. 'कोण आलं होतं' त्याच्याही आधी गेलं, कारण माणसं येणंच कमी झालं होतं. 'चूक' तिनं बरेच दिवस जाऊ दिलं नाही.

दिवसा वर बसून मी विमा कंपनीचं काम करायचो. तिथेही हेच चालू होतं. फोनवर कुणीतरी म्हणायचं, हा पर्याय फार कमी लोक वापरतात, काढून टाकू, स्क्रीन मोकळी होईल. सगळे आनंदानं हो म्हणायचे. मी माईक बंद करून बसून राहायचो.

आणखी एक अडचण होती. कॅमेऱ्याला ऊन चालत नसे. अक्काच्या खोलीची खिडकी पश्चिमेला, परसाकडे उघडते. तिथे नारळाची झाडं आहेत आणि पलीकडच्या गल्लीतल्या शिकवणीची पोरं सायकली लावतात. दुपारनंतर उजेड सरळ तिच्या चेहऱ्यावर यायचा आणि कॅमेऱ्याला तिचे डोळे दिसेनासे व्हायचे. पाटी वापरायची तर खिडकी बंद करून, जाड चादर लावून, अंधारात बसायचं. मी नाना प्रकारे खटपट केली. कॅमेरा हलवला, पलंग फिरवला, टॅबलेटवर पुठ्ठ्याचं छप्पर केलं. काही चाललं नाही. शेवटी अक्कानं स्वतःच ठरवलं. सकाळी पाटी, दुपारी खिडकी. म्हणजे दुपारी ती काहीच बोलू शकत नसे. ती झाडांकडे बघत पडायची आणि आम्ही तिला काय हवं ते अंदाजानं करायचो.

जेवण नळीतून चालू झालं होतं. पोटाला भोक पाडून बसवलेली रबरी नळी. भावजी ताकभात पातळ करून, गाळून, सिरिंजनं सावकाश सोडायचे. तिला अंघोळ घालणं, कूस वळवणं, घशातला कफ यंत्रानं ओढून काढणं, सगळं तेच करायचे. दुकान त्यांनी जवळजवळ बंद ठेवलं होतं. माझ्यापेक्षा ते तिच्या जवळ होते, आणि तिच्या शिव्याही त्यांनाच जास्त बसायच्या. उशी चुकीची लागली की ती 'चूक, चूक, चूक' लावायची आणि ते म्हणायचे, "अगं, कळलं, कळलं."

एका सकाळी तिनं पाटीवर 'अक्षरं' असा चौकोन निवडला. तो मी एका कोपऱ्यात ठेवलेला होता. त्यातून तिनं जुळवलं, 'डांगर'. आमच्या घरी उडदाच्या पिठाची डांगर पचडी होते, ताकात कालवून, वरून फोडणी देऊन. तिला ती जिवापाड आवडायची.

भावजी म्हणाले, "गिळतां येत नाही तुला."

'जिभेवर,' तिनं जुळवलं.

त्यांनी पचडी केली. चमच्याच्या टोकाला लावून जिभेवर टेकवली. अक्कानं डोळे मिटले. उघडले तेव्हा ते भरलेले होते. तिची नजर पाटीवर गेली, तिथे 'पुन्हा' असं होतं. भावजींनी पुन्हा टेकवली. तिसऱ्या खेपेला ते थोडंसं घशात उतरलं आणि तिचा श्वास अडकला. चेहरा निळसर झाला. भावजींनी यंत्र घेतलं, मी तिचं डोकं धरलं. ते सगळं निघायला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. ती पुन्हा श्वास घेऊ लागली तेव्हा भावजी भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते.

त्या प्रसंगानंतर आम्ही एका डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं. तरुण होत्या, थेट बोलायच्या. त्यांनी अक्काला तपासलं आणि मग बाहेरच्या खोलीत न जाता तिथेच, अक्काच्या डोळ्यांत बघून तमिळमध्ये बोलल्या. श्वासाचे स्नायू आता थकले आहेत. गळ्याला छिद्र पाडून मशीन लावता येईल. त्यावर पुष्कळ दिवस जाऊ शकतात, कदाचित वर्षं. पण आजार पुढे जातच राहील आणि एक दिवस डोळेही हलणार नाहीत. किंवा मशीन लावायचं नाही. मग त्रास होऊ नये म्हणून औषधं देता येतील.

"हे तुम्हीच सांगायचं आहे, टीचर," त्या म्हणाल्या. "आजच असं नाही. पण सांगायला हवं."

मी पाटीवर दोनच चौकोन लावले. उजवीकडे 'होय', डावीकडे 'नक्को'. माझ्या हातांना हे करताना काही वेगळं वाटलं नाही, रोजचंच काम होतं.

अक्काची नजर डावीकडे गेली आणि तिथे थांबली. तमिळ बाई म्हणाली, "नक्को."

मग भावजी म्हणाले, "तिचा डोळा डावीकडे ओढतोच."

ते खरं होतं. दोनेक आठवड्यांपासून थकली की तिची नजर डावीकडे वाहत जायची. ते आम्ही दोघांनीही बघितलं होतं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी चौकोनांची अदलाबदल केली. 'होय' डावीकडे, 'नक्को' उजवीकडे. डॉक्टरीणबाईंनी प्रश्न पुन्हा सगळा विचारला, एकही शब्द न गाळता. अक्काची नजर आधी डावीकडे वाहिली. ती तिथे टिकली नाही. मान उचलायचा प्रयत्न करावा तशी तिनं नजर ओढत ओढत उजवीकडे आणली.

"नक्को."

"अजून एकदा पुसा," भावजी म्हणाले.

अक्कानं त्यांच्याकडे बघितलं. मग डोळे मिटून घेतले आणि डॉक्टरीणबाई उठेस्तोवर उघडले नाहीत.

त्या गेल्यावर भावजी मला परसात घेऊन गेले. विहिरीच्या कट्ट्यावर हात टेकून ते हळू आवाजात बोलू लागले, पण त्यांचा आवाज सारखा वर चढत होता. "दोनच शब्द ठेवलेस. होय आणि नको. माणूस असं बोलतं काय रे? तिला 'आतां नको' म्हणायचं असेल. 'मागाहून बघूं' म्हणायचं असेल. 'तुम्ही सांगा' म्हणायचं असेल. तें कुठे ठेवलेंस?"

ते बरोबर बोलत होते. माझ्या धंद्यात आम्ही हेच एकमेकांना शिकवतो, की ज्या उत्तराला जागा ठेवली नाही ते उत्तर कधी येत नाही.

दुसऱ्या सकाळी मी सगळी अक्षरं परत लावली. तिच्या डोळ्यांना ती आता झेपत नव्हती, म्हणून आधी ओळ निवडायची आणि मग त्या ओळीतलं अक्षर, असं केलं. खिडकी बंद, चादर लावलेली. भावजी खुर्ची ओढून पायाशी बसले. मी अक्काला म्हणालो, "कालच्याबद्दल तुला आणखी काही सांगायचं असेल तर सांग. कितीही वेळ लागू दे."

अख्खी सकाळ लागली. चुकलेलं अक्षर ती पुसायची, पुन्हा ओळीवर जायची. मधे नळीतून पाणी दिलं, मधे कफ काढला. पहिला शब्द झाला तो 'पुसलांत'. आमच्याकडे विचारण्याला पुसणं म्हणतात. भावजी पुढे सरकले. मग बराच वेळ काही नाही, तिनं डोळे मिटले होते. मग पुन्हा सुरू झाली. दुसरा शब्द 'सांगितलें'.

पुसलांत. सांगितलें.

आम्ही पुढच्याची वाट बघत राहिलो. मला वाटत होतं, ती कारण सांगेल, निरोप सांगेल, निदान भावजींसाठी काही म्हणेल. ती अक्षरं वेचत राहिली आणि तिसरा शब्द तयार झाला, 'खिडकी'.

भावजी उठले. त्यांनी चादर काढली आणि खिडकी उघडली. उजेड पाटीवर पडला आणि स्क्रीनवर कॅमेऱ्याची नेहमीची सूचना आली, की डोळे दिसत नाहीत. मी ती बंद केली.

त्यानंतर पाटी फारशी लागली नाही. अक्का सकाळीसुद्धा खिडकीच मागायची. पापण्या मिटून होय-नाही सांगायची, आणि तेही भावजींनाच नीट कळायचं. ते तिच्याशी आता पुष्कळ बोलू लागले होते. दुकानातली जुनी गिऱ्हाइकं, कालव्याला आलेलं पाणी, कुणाच्या मोटरीत बेडूक सापडला, असलं काहीही. मशीनचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. माझ्याशीही ते लागेल तेवढंच बोलत.

ती गेली तेव्हा दुपार होती. सकाळपासून तिचा श्वास उथळ चालला होता, मधे थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं तसं औषध भावजींनी नळीतून दिलं. मी विचारलं, "अक्का, पाटी लावूं?" तिनं पापणी हलवली नाही. तिला ऐकू येत होतं की नाही, माहीत नाही. डोळे खिडकीकडे होते, पण ते तिकडे बघत होते असंही म्हणता येत नव्हतं. बाहेर शिकवणीची पोरं सायकली लावत होती. एकाची साखळी निसटली होती, त्यावरून दंगा चालला होता. भावजींनी तिचा तळहात स्वतःच्या गालाला लावून धरला होता. नंतर केव्हातरी त्यांनी तो खाली ठेवला, आणि मला कळलं.

तिच्या शाळेतून बस भरून मुलं आली. अंगणात ओळीनं उभी राहिली. तिला निरोप द्यायला काही बोलावं असं कुणी सुचवलं, पण मुलं घाबरलेली होती आणि शिक्षकांनाही धड बोलता येईना. सगळी तशीच उभी राहून परत गेली.

तेरावा झाल्यावर भावजी दुकानात जाऊ लागले. संध्याकाळी परत येऊन खालीच जेवायचे. मी खाली गेलो की ताट वाढायचे, बस म्हणायचे. एकदा जेवता जेवता, मान वर न करता ते म्हणाले, "मला पुसलं असतं तर मी होय म्हटलं असतं. डोळे बंद पडले असते तरी. ती पडून असती, मी असतों." मी म्हणालो, "होय, भावजी." त्यांनी माझ्या ताटात रसम वाढलं. आम्ही जेवलो.

पावसाळ्याच्या शेवटी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. ओरत्तनाडूच्या पुढे एका खेड्यात एक जण आहेत, निवृत्त पोस्टमास्तर, हाच आजार. हात गेले आहेत, डोळे चांगले आहेत. तो कॅमेरा त्यांना देता येईल का? मी भावजींना विचारलं. दोन दिवसांनी त्यांनी होकार दिला. दुसऱ्या सकाळी ते तयार होऊन जिन्याखाली उभे राहिले आणि म्हणाले, "चल, मीही येतों. बसवायचं कसं तें त्यांच्या घरच्यांना मी सांगतों."

आदल्या संध्याकाळी मी टॅबलेट साफ केला होता. अक्काचे शब्द काढले आणि सगळी पाटी तमिळमध्ये नव्यानं मांडली. पोस्टमास्तरांना माझ्या मनानं काही ठेवायचं नाही, त्यांना विचारूनच ठेवायचं, असं ठरवलं होतं. त्यांच्या घरी पोचल्यावर मी विचारलंही. त्यांची सून शेजारी बसून वाचून दाखवत होती आणि ते डोळ्यांनी हो-नाही सांगत होते. त्यांना बातम्या हव्या होत्या, शेताच्या पाण्याबद्दल विचारायला शब्द हवे होते, आणि मुलाला फोन लावायचं एक बटण. तमिळ बाईनं त्यांचा प्रत्येक शब्द अगदी बरोबर उच्चारला. भावजी पोस्टमास्तरांच्या बायकोला सोबत आणलेलं कफाचं यंत्र कसं धरायचं ते दाखवत होते. नळी किती आत घालायची ते स्वतःच्या बोटावर मोजून दाखवत होते. ती बाई घाबरून मान डोलावत होती.

परतीच्या बसमध्ये आम्ही मागच्या बाजूला बसलो. दोन्हीकडे शेतांत पाणी उभं होतं. भावजींनी विचारलं, "मशीनचं त्यांना पुसलं आहे काय अजून?"

"नाही. त्यांचा श्वास अजून बरा आहे."

"मग पुसूं नका म्हणावं," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाईला सांग. त्यांच्या बायकोच्या देखत तरी पुसूं नका म्हणावं."

असं चालत नाही, त्यांना विचारावंच लागेल, हे मी त्यांना सांगू शकलो असतो. ते त्यांनाही माहीत होतं. कंडक्टर तिकिटं बघायला आला. भावजींनी खिशातून दोन्ही तिकिटं काढून त्याला दाखवली आणि पुन्हा खिशात ठेवली.